पाठीवरचा मास्तर

अशी कल्पना करा, की तुमच्या पाठीवर मानेच्या खालच्या हाडापासून थेट कमरेपर्यंत दोन बोटं रुंदीची एक मऊ पट्टी चिकटवलेली आहे. रंग कातडीसारखा, वजन एखाद्या पेन्सिलीएवढं. सकाळी आंघोळीनंतर लावायची, संध्याकाळी काढून ठेवायची. पाच मिनिटांत तुम्ही तिला विसरून जाल. तिचं मात्र तुमच्याकडे लक्ष असेल. गृहपाठ करताना तुम्ही वहीवर वाकलात की पट्टीतून बारीकशी झिणझिण निघेल, पाठीचे स्नायू आपोआप आवळतील आणि तुम्ही सरळ व्हाल. आई ओरडायच्या आधी.

जमली कल्पना? आता एवढाच बदल करा, की पट्टी तुमच्या पाठीवर नाही. ती तुमच्या आईच्या पाठीवर आहे, आणि दिवसाचे नऊ तास आहे.

मिरजेच्या किमया मगदूमला अशी कल्पना करावी लागली नाही. ती पाचवीत होती, आणि तिची आई वृषाली रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून बसायची आणि पट्टी सरळ लागली आहे का ते विचारायची. किमया वरची कड दोन बोटांनी दाबून बसवायची. मग आई केंद्रात जायची आणि किमया शाळेत.

वृषाली स्टेशनाजवळच्या पाहणी केंद्रात कामाला होती. तिथलं काम सांगायला सोपं होतं. देशभरातल्या पुलांवरून, कालव्यांवरून, बोगद्यांतून छोटी उडती यंत्रं फिरत आणि फोटो काढत. संगणक त्या फोटोंतल्या संशयाच्या रेषा शोधून द्यायचा. पण ती रेषा म्हणजे खरी भेग, की ओल सुकल्याचा डाग, की कोळिष्टकाची सावली, हे शेवटी माणसानं ठरवायचं. उगाच भेग म्हटलं तर चांगला पूल महिनाभर बंद राहायचा, आणि खरी भेग सुटली तर काय होईल ते सांगायला नको. असे रोज सातशे-आठशे फोटो. वृषालीची नजर चांगली होती. केंद्रातल्या चौसष्ट जणांपैकी कुणी अडलं की फोटो तिच्याकडे यायचा.

नजर चांगली, पण पाठ दुखरी. बारीक रेषा नीट दिसावी म्हणून माणूस पडद्याकडे सरकत जातो आणि मान कासवासारखी पुढे काढतो. त्यानं काय होतं ते घरी करून बघा. कणकेचा भरलेला डबा पोटाशी धरून उभे राहा. बराच वेळ राहता येईल. आता तोच डबा हात लांब करून धरा. मिनिटभरात खांदे कुरकुरतील. डब्याचं वजन वाढलेलं नाही, तो तुमच्यापासून लांब गेला इतकंच. आपलं डोकं हा असाच चार-पाच किलोंचा डबा आहे. ते खांद्यांच्या बरोबर वर असतं तोवर मणके त्याला सहज पेलतात. पुढे गेलं की मागच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरावं लागतं.

त्यामुळे केंद्रात कुणाची ना कुणाची पाठ रोज धरलेली असायची. तासाभरानं कुणीतरी कण्हत उठायचं, त्याच्याबरोबर आणखी चार जण उठायचे, फाटकाशेजारच्या चहाच्या गाड्यावर जाऊन कंबर मोकळी करत उभे राहायचे, पाटोळे सरांच्या नावानं दोन विनोद करायचे आणि परत यायचे. पाटोळे सर केंद्राचे प्रमुख. रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की ते दाराशी येऊन घड्याळ बघायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनाही वर कुणीतरी विचारणारं होतं.

मग पट्ट्या आल्या. त्यांचं कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं आणि ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही. वाकलं की पाठीत चिमटा काढून सरळ करते म्हणून लोकांनी तिला ‘मास्तर’ म्हणायला सुरुवात केली. आज मास्तर घरी विसरला. माझा मास्तर फार कडक आहे. तुझा बरा, नुसता खाकरतो.

पट्टी वापरण्याआधी तिला प्रत्येकाची पाठ शिकवावी लागे. कारण सगळ्यांचा कणा सारखा नसतो; कुणाची कंबर जास्त आत, कुणाचे खांदे गोल. त्यासाठी पुण्याहून हेरंब पुजारी नावाचा तंत्रज्ञ आला. त्यानं हॉलमध्ये सगळ्यांना पट्ट्या लावल्या आणि सांगितलं, की आता वीस मिनिटं तुम्ही रोज बसता तसे बसा, हवं तसं हला. तुम्हाला सोयीचं बसणं कसं असतं ते पट्टी टिपून घेईल आणि पुढे तुम्हाला त्याच्या आसपास ठेवील. मानेजवळचा हिरवा दिवा लागला, की ती शिकतेय असं समजायचं.

आणि तिथे एक गंमत झाली. तेव्हा ती गंमत आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दाराशी पाटोळे सर हाताची घडी घालून उभे होते. मुख्य कार्यालयाचा एक माणूस फोटो काढत होता. हॉलमधले चौसष्टच्या चौसष्ट जण पहिलीपासून ‘ताठ बसा’ ऐकत मोठे झालेले. साहेब वर्गात आले की सावरून बसायचं, पाहुणे आले की पाय खाली सोडायचे, हे हाडात मुरलेलं. दिवे हिरवे झाले आणि साऱ्या हॉलनं एकदम छाती काढली, पोट आत ओढलं, हनुवट्या वर केल्या. एकानं शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं. वृषाली शाळा तपासणीच्या दिवशी बसायची तशी बसली, हात मांडीवर, नजर समोर. दहाव्या मिनिटाला तिच्या कमरेत कळ यायला लागली. तिनं दात आवळले, पण ती हलली नाही.

हेरंबनं यंत्रावर उमटलेले कणे पाहिले आणि तो खूश झाला. इतक्या उत्तम पाठी आपण कुठल्याच गावात पाहिल्या नाहीत, असं तो पाटोळे सरांना म्हणाला. सरांना अभिमान वाटला. आणि पट्टीनं, जी बिचारी दिसेल ते खरं मानणारी, नोंद करून टाकली, की वृषाली मगदूम ही बाई रोज अशी बसते आणि हेच तिला सोयीचं आहे.

पहिले दोन महिने सगळे मजेत होते. दुखणं गेलं. कसं गेलं तेही सांगण्यासारखं आहे. कोपर दारावर आपटलं की आपण काय करतो? तिथे चोळतो. चोळल्यानं मार नाहीसा होत नाही, पण चोळल्याचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत गर्दी करतो आणि दुखल्याच्या निरोपाला पुढे जायला जागा मिळत नाही. पट्टीची झिणझिण तेच करायची. शिवाय पाठीचे स्नायू ती पाळीपाळीनं आवळायची, आधी डावीकडचे, मग उजवीकडचे, म्हणजे कुणी एक थकल्याचं कळणार नाही. थकवा यायचाच. फक्त कळायचा नाही.

दुखत नाही म्हटल्यावर कुणी उठेना. कुणी उठेना म्हटल्यावर चहा टेबलावर यायला लागला. गाडेवाल्या आण्णानं महिनाभर वाट पाहिली आणि गाडा बाजार समितीकडे हलवला. मग कामाची वेळ पाऊण तासानं वाढली. पाठी चांगल्या आहेत तर हरकत काय, असं वरून पत्र आलं. पट्टी प्रत्येकाला रोज शंभरपैकी गुण द्यायची. वृषालीला सत्त्याण्णव. तिचा फोटो फलकावर लागला. आणि एक नियमही लागला: ज्याच्या पाठीवर पट्टी नाही त्याला फोटो पाहण्याची खुर्ची नाही. त्यानं आतल्या खोलीत कागदांच्या पेट्या लावायच्या.

मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. किमयाचे बाबा, सन्मती, दुधाचा टँकर घेऊन दोन-दोन दिवस बाहेर असत, पण आई आणि किमया संध्याकाळी समोरासमोर बसून जेवत आणि शाळेतल्या भांडणांचा निकाल लावत. आता आई यायची तेव्हा अंधार झालेला असायचा. किमया एकटी जेवलेली असायची. आई दारातच पट्टी सोडायची, आंघोळीच्या दगडावर बसल्यासारखी पलंगाच्या कडेला बसायची आणि मग हळूहळू आडवी व्हायची. जेवत नाही म्हणायची. वेळ टळलेली असायची, आणि तिला चावायचाही कंटाळा आलेला असायचा.

किमयानं विचारलं, की दुखतंय का. आई म्हणाली नाही. ते खरंच होतं. चित्रकलेची वही दाखवली तर म्हणाली उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या. रागावत नव्हती, आजारी नव्हती. तापमापकानं मोजता येईल असं तिच्यात काहीच नव्हतं. फलकावर सत्त्याण्णव गुण, आणि घरी अंगावरची चादर ओढायला किमयाला हाक. आपण आळशी झालोय असं वृषालीला वाटायला लागलं होतं. यंत्र सांगतंय पाठ उत्तम आहे, मग हे दमणं आलं कुठून?

जानेवारीत एका सकाळी ती पायरी उतरताना चप्पल मागेच राहिली. डाव्या पायातली चप्पल निसटली आणि तिला ते कळलं नाही. किमयाला कळलं. ती चप्पल घेऊन मागे धावली. आईनं चप्पल घातली, अंगठा हलवून पाहिला आणि ती केंद्राकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सन्मती घरी होते. ते तिला आरिफा मुजावर यांच्याकडे घेऊन गेले, किमयाही गेली. आरिफा मॅडम पाठीच्या व्यायामाच्या डॉक्टर. त्यांनी पायाला टाचणी लावून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, पट्टी लावून बसायला सांगितलं, पट्टी काढून बसायला सांगितलं आणि बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही रोज नऊ तास सावधानमध्ये उभ्या असता. फक्त खुर्चीवर बसून."

त्यांनी किमयाला प्लास्टिकचा कणा हातात दिला आणि समजावलं. दोन मणक्यांच्या मध्ये एक-एक गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. मग तिला खाणंपिणं कसं मिळतं? भांडी घासायच्या स्पंजासारखं. दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत. आपण वाकतो, वळतो, उठतो, बसतो, तेव्हा गाद्या दाबल्या जातात, सुटतात आणि जेवतात. एकाच जागी धरून ठेवलेली पाठ वाकडी असो की सरळ, तिच्या गाद्या उपाशी राहतात. त्यात किमयाच्या आईची कंबर गरजेपेक्षा जास्त आत ओढलेली. मणक्यांच्या मागच्या बाजूनं पायाकडे जाणारी नस निघते, तिची वाट अरुंद झालेली.

आता पट्टी काढली तर पाय पूर्ण सुधारेल, असं त्या म्हणाल्या. आणखी तीन-चार महिने हेच चाललं तर सुधारेल असं त्यांना सांगता येणार नाही.

वृषालीनं विचारलं, की पट्टी न काढता काही होईल का. तिला आतल्या खोलीत पेट्या लावायच्या नव्हत्या. चौदा वर्षं तिनं त्या नजरेवर मेहनत घेतली होती. मागच्याच महिन्यात तिनं एका नदीपुलाची केसाएवढी भेग ओळखली होती, जी संगणकानंही सोडून दिली होती. आरिफा मॅडम म्हणाल्या, की होईल, पट्टीला तुमची खरी पाठ नव्यानं शिकवावी लागेल. मग त्यांनी किमयाला एक काम दिलं: रविवारी आई पट्टी लावून घरी बसेल तेव्हा ती तासाभरात किती वेळा हलते ते मोजायचं.

किमयानं मोजलं. तीन. पण तीन म्हणजे जास्त की कमी, हे कसं ठरवायचं? तिनं दुसरं माणूस शोधलं. पलीकडच्या आळीत बशीरचाचा तंबोरे करायचे. सत्तरी ओलांडलेली, पन्नास वर्षं जमिनीवर बसून भोपळ्यावर वाकून काम. किमया वही घेऊन उंबऱ्यावर बसली. चाचा चिकटवायचा सरस आणायला उठले, तार उजेडात धरायला उठले, खुंटी घासताना एक पाय लांब केला, मग दुसरा, शिंक्याला हात लावायला उठले, कारण नसताना उठले. तासात एक्केचाळीस. पोरगी काय लिहितेय म्हणून त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. चाचा हसले आणि म्हणाले, की आमच्या बेगमला दाखव, ती म्हणते मी दिवसभर बसून असतो.

केंद्राच्या नियमानं वर्षातून दोनदा पट्टीला नव्यानं शिकवता येत असे. दोनदाच, नाहीतर लोक गुणांसाठी रोज शिकवत बसतील. पहिल्या खेपेला हेरंब पुजारी स्वतः आला. वृषालीनं आरिफा मॅडमची चिठ्ठी दाखवली. पाटोळे सरांनी ती दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनाही फलकावरचा फोटो आवडत होता.

या वेळी वृषालीनं ठरवलं होतं. सैल बसायचं. हिरवा दिवा लागला. समोर हेरंब, बाजूला सर. तिनं खांदे सोडले. मनात म्हटलं, रोजच्यासारखं. आणि मनात असं म्हटल्याबरोबर कंबर आत गेली. तिनं ती सोडली. ती पुन्हा गेली. वीस मिनिटांनी हेरंबनं नवा कणा जुन्या कण्यावर ठेवून पाहिला. दोन्ही तंतोतंत जुळले.

"मॅडम, यंत्र बरोबर आहे," पाटोळे सर म्हणाले. "तुम्ही अशाच बसता."

"मी अशी बसत नाही, सर. तुमच्यासमोर बसते."

हे ती मोठ्यानं बोलली. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे सगळे समोर बघत राहिले. त्यांच्याही पट्ट्या त्याच दिवशी शिकल्या होत्या. कुणी मान वळवली नाही. कदाचित वळवताही आली नसेल. सर एवढंच म्हणाले, की एक संधी शिल्लक आहे, ती घरी घ्या, निवांत. सोमवारी नोंद आली की पाहू. तेही जुळलं, तर त्यांच्या हातात काही राहणार नव्हतं.

ते चार दिवस किमया आणि तिची आई संध्याकाळी सराव करायच्या. वाकडं बसायचा सराव! आई पोक काढायची. किमया म्हणायची, की हे नाटकातल्या म्हातारीसारखं झालं. मग आई खुर्चीत घसरायची. हे तर सिनेमातल्या गुंडासारखं. दोघी थोड्या हसल्या. मग आई हसायची थांबली, तिनं हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मला बसताच येत नाही गं, किमू."

 किमया आपली वही काढून बघत बसली. तीन आणि एक्केचाळीस. बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की चाचांनाही कुणी तुमचं नेहमीचं बसणं दाखवा म्हटलं असतं तर दाखवता आलं नसतं. त्यांचं असं एक बसणं नव्हतंच. एक्केचाळीस होती. म्हणजे आईला बसायला सांगण्यात अर्थ नव्हता. तिला दुसरंच काहीतरी करायला द्यायला हवं होतं.

रविवारी दुपारी बाबा टँकरवर होते. किमयानं सकाळीच आईला बाजारातून मेथीच्या चार जुड्या आणायला लावल्या होत्या. जमिनीवर चादर अंथरली, जुड्या सोडल्या आणि आईला म्हणाली, की एवढी निवडून दे, मला मोठ्या काड्या तोडता येत नाहीत. पट्टी लावली. दिवा हिरवा झाला. हेरंबनं बजावून ठेवलं होतं, की घरी शिकवताना समोर तंत्रज्ञ नसतो, म्हणून वीस मिनिटं पुरत नाहीत, तासभर तरी हालचाल हवी. पाव तास माणूस अजिबात हललं नाही तर दिवा पिवळा होतो, आणि पिवळ्याची पाच मिनिटं संपली की त्या क्षणाला पाठ जशी असेल तशी पट्टी पक्की करून टाकते.

पहिली दहा मिनिटं आई तपासणीला बसली होती. मेथीसुद्धा तशीच निवडत होती, हात लांब करून. किमयानं तिला शाळेतल्या भांडणाची हकिगत सांगायला घेतली. रिद्धीनं कंपासपेटी लपवली, ती सापडली प्रार्थनेच्या पेटीत, आणि बाईंनी शिक्षा केली ती भलत्यालाच. आईनं विचारलं, मग तू काय बोललीस? आणि विचारताना तिनं एक पाय लांब केला. काडी मोडली, पानं टोपल्यात टाकायला वाकली, डाव्या हातावर रेलली. रिद्धी लहानपणापासून तशीच आहे म्हणाली. पाठ गोल झाली, मग तिरकी झाली, मग सरळ, मग पुन्हा गोल. किमया बोलत राहिली आणि मनात मोजत राहिली. सात. अकरा. सोळा. किती दिवसांनी आई पूर्ण गोष्ट ऐकत होती. एकोणीस.

मग किमयाच्या लक्षात आलं, की मघापासून आईनं हुंकार दिलेला नाही.

आईची मान पुढे लोंबली होती. हातात मेथीची एक काडी, अर्धी पानं काढलेली. खांदे खाली ओघळलेले. मांडी घातलेली तशीच, टेकायला काही नाही, आणि ती झोपली होती. तोंड थोडं उघडं. कपाळावर दोन महिने दिसणारी आठी गेलेली.

 उठवावं असं किमयाला वाटलं, पण तिचा हात पुढे होईना. घरातलं घड्याळ, बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. बराच वेळ गेला आणि आईच्या मानेजवळचा दिवा पिवळा झाला.

पाच मिनिटं.

किमयानं पाचवीतल्या मुलीला करता येईल तितका नीट विचार केला. आत्ता आईला उठवलं, तर ती दचकून जागी होईल, दिव्याचं विचारेल आणि ताठ बसेल. शिकणं पुरं व्हायला अजून जवळजवळ अर्धा तास बाकी होता, आणि तो सगळा तपासणीसारखा जाईल. तसंच राहू दिलं, तर पट्टी ही झोपलेली, लोंबलेली पाठ पक्की करील आणि उद्यापासून आईला रोज नऊ तास त्यातच धरून ठेवील. राहिली एकच गोष्ट. पट्टी काढायची. पण मग ही संधीही गेली असं धरलं जाईल. वर्षभर पुन्हा शिकवता येणार नाही. जुन्या नोंदीवरची पट्टी तर आता लावायची नव्हतीच. म्हणजे आईच्या पाठीवर पट्टी नसेल, आणि जिच्यावर पट्टी नाही तिला खुर्ची नाही. उठल्यावर आई रागावेल. कदाचित रडेल. ते जास्त वाईट.

तिला डाव्या पायातून निसटलेली चप्पल आठवली, आणि चप्पल गेल्याचं न कळलेला आईचा चेहरा.

ती आईच्या मागे गुडघ्यांवर बसली. रोज सकाळी जी कड दाबून बसवायची तिथेच नख घातलं आणि पट्टी सोडवायला लागली. एक-एक बोट. कातडी ओढली जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं खालून दाबून धरत. अर्ध्यावर आल्यावर आई झोपेतच पुटपुटली, "हिरवा आहे ना गं?"

"झोप तू," किमया म्हणाली.

कमरेजवळचं टोक सुटलं. पट्टी चादरीवर गोळा होऊन पडली. पिवळा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि विझला. ज्या जागेवर ती असायची तिथे आईच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक फिकट पट्टा होता, रोज घातलेल्या घड्याळाखाली मनगटावर असतो तसा.

पट्टीची झिणझिण गेली तशी आईची पाठ आणखी सैल झाली आणि ती मागे झुकू लागली. किमयानं इकडे तिकडे पाहिलं. उशी आतल्या खोलीत होती, भिंत चार हात लांब. मग ती वळली, आईच्या पाठीला पाठ लावून बसली आणि पाय चादरीत रोवून धरले. आईचं वजन सावकाश तिच्यावर आलं. खूप होतं. हात लांब करून तिनं मेथीची जुडी जवळ ओढली आणि उरलेली पानं काढायला लागली.

पाव तासानं तिची कंबर भरून आली. अर्ध्या तासानं डाव्या पायाला मुंग्या आल्या. असं न हलता बसू नये, हे आता तिच्या वर्गात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. चारही जुड्या संपल्या, काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. आईचा श्वास संथ चालला होता.

किमया हलली नाही.